कडूबा नावाचं व्हेरिएबल

धाड, मंगळवार

ती. कडूबामामांस,
पुष्पांजलीचा साष्टांग नमस्कार (पोट आडवं येते, म्हणून सध्या लेखीच). तुमचा गुडघा कसा आहे? मामीची शुगर? मले सातवा सरला. डॉक्टर सगळं ठीक म्हणतात, पण माझं डोकं ठीक नाही, अन् त्याले कारण तुमचं नाव.

मार्केट यार्डात सोयाबीनच्या गाड्यांले नंबर देणारा प्रोग्राम मी घरी बसून लिहिला. त्यात चालू नंबर ठेवायले एक डबा लागते, त्याले व्हेरिएबल म्हणतात, अन् डब्याले नाव द्यावं लागते. मी आधी नियमानं ‘टोटलटोकन’ ठेवलं. दोन दिवसांत मेलं. शंभराव्या गाडीनंतर नंबर परत एकपासून, अन् फाटकावर दोन गाडीवाले एकमेकांच्या कॉलरले. मग ‘करंटटोकन’. तेही आठवड्यात गेलं. तिसऱ्यांदा मी आजीनं तुमच्या वेळी केलं तेच केलं (वरची दोन लेकरं गेली, आता नाव असं ठेवा की यमानंही तोंड वाकडं करावं), अन् ‘कडूबा’ लिहिलं. दिवाळीपासून एक गाडी चुकली नाही, मामा.

आता मी बाळंतपणाच्या रजेवर जाणार, म्हणून आमच्या कंपनीतल्या पुण्याच्या शेखर सरांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काम तपासलं. म्हणे नाव वाचल्याबरोबर काम समजलं पाहिजे, असलं गावठी चालणार नाही, शुक्रवारपर्यंत बदला. काऊन बदला? (त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामात ‘टेम्प’ नावाचं तात्पुरतं व्हेरिएबल सहा वर्षांपासून मुक्कामाले आहे, त्याले कोणी हटकत नाही.) अन् या नावाचं काम जिवंत ठेवणं हेच होतं, हे यांले कोण सांगन? नियमाचा मले राग नाही. ज्या नावानं साठ वर्षं माणूस जगवला, त्या नावाले चारचौघांत हसले, याचा राग आहे. मी कॅमेरा बंद केला अन् जेवायले गेले. नाव बदलणार नाही, असं त्यांले लेखी कळवलं आहे.

मामीले नमस्कार.
तुमची भाची,
पुष्पांजली

ता. क. — पत्र टाकायचं राहून गेलं. आज शनिवार. नाव काल मीच बदललं, नोकरी ठेवायची आहे. प्रोग्राम मस्त चालू आहे. नंबराची ती आधीची चूक दुसऱ्याच ओळीत होती, अन् ती मीच दिवाळीत दुरुस्त करून विसरून गेले होते.

ता. क. २ — सासूबाईंनी बाळासाठी दोन छान नावं काढून ठेवली आहेत. बारशाले आत्या त्यातलं एक कानात सांगन. याआधी दोनदा पाळणा रिकामा राहिला, तेव्हाही नावं अशीच छान काढली होती. तुम्ही बारशाची वाट पाहू नका. सरळ दवाखान्यात या, अन् आत्याच्या आधी त्याच्या कानात कायतरी कडू नाव सांगा. नावात काही नसते, हे मले समजते, वरच लिहिलं. तरी या.