ज्याच्या हाती ठोकळा

प्रिय ठमाबाई,

अध्यक्षबाई म्हणायला अजून जीभ वळत नाही, रागावू नकोस.

पहिल्याच सभेत सुतारांनी तुला रडकुंडीला आणलं म्हणे. अगं, आपल्या कारखान्यात दिवसभर यंत्रांपुढे कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, त्याचं उट्टं ते सभेत काढतात. सभा ताब्यात कशी आणायची विचारतेस, तर मी अठरा वर्षं केलं ते सांगतो. गोंगाट वाढला की आपण आवाज चढवायचा नाही. नुसतं उभं राहायचं, आणि जो ओरडतोय त्याच्याकडे न बघता जो अजून बोललाच नाही त्याच्याकडे बघायचं. मग टेबलावरचा लाकडी ठोकळा फिरवायचा. ज्याच्या हाती ठोकळा तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि कुणी भरकटलाच तर तीन शब्द: 'विषयाला धरून बोला.' भलेभले खाली बसतात.

या तीन शब्दांची मला फार घमेंड होती.

तुझ्याकडे पॉलिशला बसतो तो पोपटकाका पूर्वी असा मुका नव्हता. तुला रंधा धरायला शिकवताना तो किती बडबडायचा, आठवत असेल. एका वर्षी सुट्ट्यांच्या पाळ्यांवरून सभेत रान पेटलं होतं. ठोकळा फिरवून मी कसंबसं सगळ्यांना शांत केलं. पोपटची पाळी आली आणि त्यानं सुरुवात केली ती मोठ्या करवतीपासून. मी ठोकळा त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणालो, "पोपटराव, विषयाला धरून बोला, नाहीतर पिंजऱ्यात जा." सगळे हसले. तोही हसला आणि खाली बसला. इतिवृत्तात मी लिहिलं, सभा शांततेत पार पडली.

नवव्या दिवशी त्या करवतीनं त्याची दोन बोटं नेली. चौकशीला आलेल्या साहेबांना तो म्हणाला, "चूक माझीच. लक्ष नव्हतं." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तेव्हापासून त्यानं सभेत ठोकळ्याला हात लावलेला नाही.

तू लिहितेस की नव्या लोकांना करवतीवर उभं करताना तू बजावतेस, बडबड कराल तर पोपटकाकासारखी बोटं गमावाल. ते वाक्य वाचलं आणि मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

पोरी, तो बडबडत नव्हता. सभेच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. करवतीच्या झाकणाची खिट्टी धरत नाही, म्हणाला. मला घाई होती. मीच सांगितलं, उद्या सभेत बोल. माझ्या सांगण्यावरून तो बोलायला उठला आणि मीच त्याला बसवलं. साहेब येण्याआधी नवी खिट्टी मी माझ्या हातानं बसवली, कुणालाही न सांगता. त्याला हे सगळं ठाऊक आहे. तरी त्यानं मला सांभाळून घेतलं, आणि मी घेऊ दिलं. म्हणून हे पत्र. रविवारच्या सभेत पहिला विषय माझा ठेव. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. गलका होईल, कुणी अंगावरही येईल. तेव्हा वर सांगितलेलं काहीही करू नकोस, होऊ दे गलका. मग ठोकळा पोपटकाकाच्या हाती दे, आणि तो कितीही भरकटला तरी ते तीन शब्द त्याला म्हणू नकोस.

तुझाच, आणि रविवारी तुझ्यासमोर उभा राहणारा,
बाबा