राय एल आणि विनिताचं नाक

४ नोव्हेंबर

कडू. गार. संपली.

एवढंच लिहिता येतंय! इंग्लंडहून राय नावाच्या धान्याची एल आली आहे. एल म्हणजे बीअरचीच थोरली बहीण. आमच्या हॉटेलचा मॅनेजर फरदीन, त्याने सहा बाटल्या हातात दिल्या. सोमवारपर्यंत मेनूसाठी चवीचं वर्णन हवं. बारचा मेनू अकरा वर्षं मीच लिहितो. माझ्या नाकावर घर चालतं. आणि ते नाक गेल्या महिन्यातल्या तापापासून बंद आहे. सर्दी नाही, काही नाही, नुसता वास येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, विनितालाही नाही.

५ नोव्हेंबर

दुसरी बाटली. कडू, गार, तांबूस, फेस बरा. तांबूस आणि फेस डोळ्यांना कळले, त्याचं श्रेय नाकाला द्यायला नको. नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की दुबईतला हा मनखूलचा फ्लॅट आणि मुलाची, तनिषची शाळा. मला भीती वाटतेय.

जेवताना आमटी मस्त झालीय म्हटलं. रोजच म्हणतो.

८ नोव्हेंबर

संकष्टी. नैवेद्य दाखवायच्या आधी विनिता काही म्हणजे काही चाखत नाही. पातेल्यावर वाकते आणि नाकाने ठरवते. आज बटाट्याच्या भाजीवर वाकून म्हणाली, मीठ कमी आहे. घातलं. जेवलो तेव्हा नेमकं होतं. मिठाला वास नसतो हे लग्नापासून तिला पटवू शकलेलो नाही.

आणि एकदम सुचलं!

९ नोव्हेंबर

विनिता दारूला शिवत नाही. म्हटलं, पिऊ नकोस, नुसता वास घे — मेनूत यंदा वेगळ्या नाकाचं मत हवंय. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग ग्लासवर वाकली, भाजीवर वाकते तशीच.

"बाजरी भाजताना येतो तो वास. मिरी, भरड कुटलेली. गुळाचा पाक, पण जरा पुढे गेलेला. आणि संत्र्याची साल, आत्ता सोललेली."

उतरवून घेतलं, इंग्रजी केलं. तनिषनेही हुंगून "स्मेल्स लाइक वेट कार्पेट" असं मत दिलं. ते मेनूत घेतलं नाही.

१० नोव्हेंबर

फरदीन खूश. अकरा वर्षांतलं सगळ्यात चांगलं वर्णन म्हणे! माझी अकरा वर्षं एका वाक्यात गेली. शुक्रवारी याच एलची दोन पिंपं उघडायची आहेत. एक उन्हात राहून बिघडलंय असा त्याला संशय आहे. कुठलं, ते मी हुंगून सांगायचं. विनिताला बारमध्ये कशी नेणार?

१३ नोव्हेंबर

आमटी मस्त.

१४ नोव्हेंबर

दोन ग्लास. दोन्ही कडू, दोन्ही गार. डावीकडे बोट दाखवून मोकळा होणार होतो. पण चुकलो असतो तर बिघडलेला माल लोकांच्या पोटात गेला असता. सांगून टाकलं. फरदीनने दोन्ही ग्लास आपल्याकडे ओढले.

"सोमनाथभाई, पहले बताना था ना."

बिघडलेलं पिंप त्याने स्वतःच हुंगून शोधलं. मिनिटभर लागलं. मला म्हणाला, डॉक्टरला दाखव, तोवर स्टोअर सांभाळ, नवीन वर्षात बघू, इन्शाल्ला. असल्या इन्शाल्लाचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

घरी आल्या आल्या विनिताला सांगितलं. तिने मेथी निवडणं थांबवलं नाही.

"पाच आठवडे आमटीत हिंग नाहीये. पहिल्यांदा संपला होता म्हणून नव्हता. तू मस्त म्हणालास. मग मुद्दाम नाही घातला."

मग बोलली का नाहीस, विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

फार लाज वाटली. ग्लासवर वाकली तेव्हाही तिला सगळं माहीत होतं. उद्यापासून हिंग घालते म्हणाली, कळेल तेव्हा सांग. समोर बसून मीही मेथी निवडली.

१५ नोव्हेंबर

नाही.

२२ नोव्हेंबर

नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही येणार. यासाठी तपासणी कशाला हवी होती!

११ डिसेंबर

जेवताना विनिताला म्हटलं, आज हिंग जरा जास्त झालाय. तिची पळी हातातच राहिली.