डावी बाही

ता. ३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. मी कसा आहे विचारतेस तर ऐक. छातीतल्या ठोक्यांचं काही खरं नाही. चार सरळ पडतात, मग एक गायब, मग तीन एकमेकांच्या अंगावर. जन्मभर गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. क्लचवर असा नाचणारा उमेदवार मी पहिल्याच वळणावर खाली उतरवला असता.

डॉक्टर म्हणजे एक नमुना आहे. मनगट माझं धरतो आणि डोळे दाराकडे, पुढच्या पेशंटवर. मी त्याचं नावच ‘पुढचा’ ठेवलंय. त्याच्या पहिल्या गोळीने ठोके होते तिथेच राहिले आणि पाय एवढे सुजले की बूट चढेना. तसं सांगितलं तर म्हणतो, सैल बूट घ्या. तुझ्या बापाने चपलांचं दुकान टाकलंय का, असं विचारलं. सूनबाईने कोपराला धरून मला बाहेर काढलं. आता दुसरी गोळी दिलीय. बघू ती काय दिवे लावते.

सूनबाई पथ्याचं जेवण करते. त्याला जेवण म्हणायचं हा तिचाच आग्रह. चिरंजीव कामासाठी दौऱ्यावर, म्हणजे घरच्या कामाला नेहमीसारखेच निरुपयोगी. तू माझ्यासाठी पुन्हा स्वेटर विणते आहेस असं कळलं. वाईट वाटलं. गेल्या खेपेचा मी गाडी पुसायला घेतला, तर गाडीला ओरखडे पडले.

लोभ असावा, फक्त लोकरीतून नको.

तुझा दादा

ता. १२ नोव्हेंबर

ति. दादास, कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. जीभ चालते आहे म्हणजे माणूस चालतो आहे. पण डॉक्टरच्या बापापर्यंत जायची काय गरज होती? गोळी वेळेवर घे, मनाने बंद करू नकोस. लहानपणी कडू औषध खिडकीतल्या कुंडीत ओतायचास आणि झाड मेल्यावर माझं नाव सांगितलंस. मी विसरलेले नाही.

खरं सांगू? माझी टर उडवणारा आता तू एकटाच उरलास. बाकी सगळे मला म्हातारी म्हणून सांभाळून घेतात, त्याचा वीट आलाय. तेव्हा मेहेरबानी करून टिकून राहा.

स्वेटर पाठवते आहे. कोर्टात टायपिंग करण्यात आयुष्य गेलं. बोटांना चूक खोडायची सवय, उसवायची नाही. काय निघालंय देव जाणे. शिव्या सविस्तर लिही, वाट बघते.

लोभ आहेच. वाढला तर तुलाच जड जाईल.

तुझी भिंगरी

ता. ६ डिसेंबर

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

स्वेटर मिळाला. छान बसला. रंग चांगला आहे. तू फार कष्ट घेतलेस.

नव्या गोळीने छातीतली धावपळ थांबली. डॉक्टर सज्जन आहे. सूनबाई मनापासून करते. शेजारचा मुलगा मला बाजारात गाडीतून घेऊन गेला. चांगली चालवतो. मी दिवसभर खिडकीशी बसतो. जिन्यावर मध्ये मध्ये थांबावं लागतं, पण घाई कुठे आहे. सगळे चांगले आहेत.

लोभ असावा.

दादा

ता. ९ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

तुमचा फोन लागत नाही, म्हणून तुमच्या गावी निघालेल्या माणसाच्या हाती हे पत्र देते आहे. दादाचं पत्र आलं. त्यात एकही शिवी नाही. तुम्हाला यात काही वावगं दिसत नसेल तर धन्य आहात सगळे.

स्वेटर पाठवल्यावर मी नमुन्याचा कागद पाहिला, तेव्हा कळलं की डावी बाही वीतभर जास्त विणली गेली. आता शिव्यांचं पाकीट येणार म्हणून मी चष्मा पुसून बसले होते. आणि तो लिहितो, छान बसला! ज्या माणसाने पोटच्या पोराला परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलं, तो शेजारच्या त्या धसमुसळ्याला चांगली चालवतो म्हणतो? अगं, हा चांगुलपणा नाही, हा आजार आहे. मला भीती वाटते.

त्याची नाडी बघ. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण आजच्या आज त्याला डॉक्टरकडे ने, आणि त्याने नाडी नीट मोजल्याशिवाय उठू नकोस. तो म्हणेल, वयोमानाने शांत झालेत. तर सांग, हा माणूस शांत होण्यातला नाही. मला घाबरट म्हातारी म्हणा, चालेल.

लोभाचं नंतर बघू, आधी डॉक्टर.

आत्या

ता. १३ डिसेंबर

ति. आत्यांस, सा. न. वि. वि.

बाबा धोक्याबाहेर आहेत, हे आधी सांगते.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. महिनाभर माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नव्हती. मला वाटलं, देव पावला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन पाहिलं. बाबा खिडकीशी बसलेले, डावा हात बाहीत पार बुडालेला, समोर चहा गार झालेला. रोजच बघत होते, पण दिसलं तेव्हा.

डॉक्टर तुम्ही सांगितलेलंच बोलले. मी खुर्चीवरून हलले नाही. मग त्यांनी नाडी धरली आणि दाराकडे बघायचं विसरले. ठोके सरळ होते, पण इतके सावकाश की त्यांचाच चेहरा उतरला. तिथूनच हॉस्पिटलात दाखल केलं. गोळीने ठोके सरळ करता करता हृदयच निजवत आणलं होतं. आणखी काही दिवस गेले असते तर जिन्यावरच सगळं संपलं असतं, असं म्हणाले. आता तिसरी, वेगळ्या जातीची गोळी थोडी थोडी सुरू केली आहे. ती मानवते का ते अजून कळायचंय.

ते अजून कुणावरही ओरडलेले नाहीत. काल नर्सला आभारी आहे म्हणाले. मला रडू आलं.

लोभ ठेवाच, आणि पुन्हा काही खटकलं तर आमचं ऐकू नका.

आपली सूनबाई

ता. २ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

घरी आलो. तिसरी गोळी लागू पडली. ठोके रांगेत आहेत आणि मी जागा आहे. एवढं साधं काम करायला त्या ‘पुढच्या’ला दोन महिने लागले. आता तो माझं मनगट सोडतच नाही. हात परत दे, घरी न्यायचाय, असं सांगावं लागलं.

काल सूनबाईने पथ्याचा कसलासा लगदा पुढे ठेवला. मी म्हटलं, हा खायचा की भिंतीला लावायचा? तर बाई हसली, मग रडली, आणि वर आणखी वाढलं. या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना औषधाची गरज आहे. मी म्हणे त्या शेजारच्या कार्ट्याच्या गाडीत बसलो होतो! बसलो आणि जिवंत परत आलो, म्हणजे हृदय दणकट आहे.

आता मुख्य मुद्दा. तो स्वेटर घरी आल्यावर उजेडात पाहिला. डावी बाही पार बोटांच्या खाली लोंबते. हा भावासाठी विणलास की माकडासाठी? जन्मल्यापासून माझे हात बघते आहेस. दोन्ही सारखे आहेत. छान बसला असं मी लिहिलं होतं म्हणे. ते पत्र फाडून टाक.

नीट करायला परत मागशील, तर मिळणार नाही. बाही दुमडून रोज घालतो. दुमडताना तुला एक शिवी देतो, दिवस बरा जातो. मी गोड झालो तर घरदार खूश झालं, डॉक्टर खूश झाला. घाबरलीस ती तू एकटी. मूर्ख आहेस, तशीच राहा. आणि टिकून राहा, मला टर उडवायला दुसरं कोण आहे?

लोभ असू दे. पुन्हा कधी माझं गोड पत्र आलं, तर अशीच घाबर.

तुझा दादा