दुखतंय तवर बरं

आई, तुझ्या चेहऱ्यापेक्षा तुझा डावा पाय मला जास्त आठवतो. घोट्याच्या वर काळी पडलेली कातडी आणि मधोमध ती जखम, कायम ओली. लढाई चालू होती, वडील पलटणीत. तू पलूसच्या शिवारातल्या गुऱ्हाळावर दिवसभर उभी राहून रसाच्या काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालायचीस. संध्याकाळी चिंधी सोडलीस की वास यायचा, तरी मी तिथंच बसायचे.

धास्ती एकाच गोष्टीची होती. भावकीतल्या एका बाईच्या पायाला असंच झालं, तो महारोग ठरला आणि तिला ओढ्यापल्याडच्या खोपीत नेऊन ठेवलं. तिच्या पोरींनाही जवळ जाऊ देत नसत.

एक दिवस गुळव्यानं तुला काहिलीपाशी हटकलं, "वैनी, पाय दावा. महारोग न्हाई ह्याची खात्री करा, मगच कामाला या." घरी चुलतीनं बाभळीचा काटा आणला. "डोळं मिट. टोचलं की सांग." महारोग्याला टोचलेलं कळत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मी दाराशी उभी. तू किंचाळलीस, "आई गं, मेले!" चुलती हसली, "जित्ता हाय गं पाय. जा उद्या कामाला." कुणाच्या ओरडण्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मग रोज सकाळी भाकरी थापायच्या आधी तू पाय पुढं करायचीस. "दाब गं." मी जखमेच्या कडेला बोट दाबायचे. तू दात-ओठ खात म्हणायचीस, "दुखतंय. दुखतंय तवर बरं." एकदा तू मुद्दाम गप्प राहिलीस आणि मी रडायला लागल्यावर हसलीस. असली थट्टा करतात का गं? मला अजून राग आहे त्याचा.

तू गेलीस ती तापानं, आपल्या घरात, खोपीत नाही.

आता माझा पाय. मी साताऱ्याला लेकाकडे असते. जखम तिथंच, घोट्याच्या वर. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे शिरांचं दुखणं. महारोग नव्हे, आणि तोही हल्ली गोळ्यांनी बरा होतो." मी मान हलवली. तरी रोज दार लावून दाबतेच. नातवंडं पाय चेपायला आली की पाय ओढून घेते.

हे पत्र पाठवू तरी कुठं? पण तुला सांगते. आज सकाळी दाबलं. परत दाबलं. दुखलं नाही. बाहेरून सुनेनं विचारलं, "आई, पाय दुखतोय का हो?"

मी म्हणाले, "लय दुखतोय गं."