दोनदा वाजून थांबणारा फोन

३ जून
मला विचारलं कुणी? जुना फोन बंद, भिंतीतली तार मेली, आणि मला कळतं कधी—तर फोन कंपनीचा माणूस नवा डबा घेऊन दारात उभा राहिल्यावर! ग्लेन म्हणे, पत्रं आली होती आई. आली असतील. त्यातली अक्षरं मला कळतात, अर्थ नाही. पोरगा कशाला वाढवला मग?

५ जून
डबा बसला. फोन डब्यात खुपसलाय, डबा विजेवर. आवाज स्वच्छ येतो, खोटं कशाला बोलू. विचारलं, वीज गेली तर? तो माणूस म्हणे, तर फोनही गेला, मोबाईल वापरा आजी. म्हटलं, या दरीत रेंज कुठली, मोबाईल दार अडवायला बरा. ग्लेन बॅटरी आणणार आहे. 'आणतो' म्हणायला त्याला फार आवडतं.

६ जून
शेजारच्या थेल्माने नेहमीसारखा फोन दोनदा वाजवून ठेवला. मी उलट दोनदा वाजवला. उचलायचं नाही, बोलायचं नाही. ओढ्यापलीकडे ती जिवंत, अलीकडे मी जिवंत—चला गाई पिळायला. मी न्हाणीघरात पडून दिवसभर फरशीवर होते, तेव्हापासूनचं हे. उलट वाजलं नाही, तर दुसरीने निघून यायचं. ठरलेलं.
त्यांची तार पुढच्या महिन्यात कापणार. परवा दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "तुझा डबा बंद पडला की मी काय समजू गं? मेलीस?"
"समज. डोनट घेऊन ये."
मागे तिचा नवरा अर्न हसला. लकव्याने त्याची वाचा तेवढी गेली, हसू नाही.

११ जून
पहाटे वादळ. निलगिरी तारांवर पडली, वीज गेली. डब्याचा दिवा विझला. फोन कानाला लावला—खरखरसुद्धा नाही. ग्लेनला म्हटलं, आधी थेल्माकडे जाऊन सांग. म्हणाला, "गाई तुंबल्यात आई, पिळून जातो."

१२ जून
थेल्माची गाडी फुगलेल्या ओढ्यात सापडली. तोंड आमच्या घराकडे.
पाणी तिला दिसलं नसेल असं नाही. ठरलेलं होतं.
ग्लेन गाई पिळून निघाला, तोवर ती निघाली होती.

१७ जून
पुरलं तिला. हॉलमध्ये सगळे तिचे गुण गात होते. ती असती तर म्हणाली असती, सँडविच कोरडी आहेत. होतीच.
त्यांची मुलगी अर्नला मेलबर्नला नेत होती. त्याने काठी आपटली. ती एकटी गेली.
ग्लेनने बॅटरी आणली. डब्याला जोडली.

१९ जून
सकाळी फोन वाजला. दोनदा. थांबला.
त्या घरात आता अर्नशिवाय कुणी नाही.
मी उलट वाजवला. मग ग्लेनला बोलावून सांगितलं: मी नसले तर हा फोन तुझा. दोनदा वाजला तर उलट दोनदा वाजव. वाजतच राहिला तर तूच उचल. हॅलो करत बसू नको, अर्न बोलायचा नाही. गाई राहू देत. गाडी काढ, वरच्या पुलावरून जा.