खोडलेली ओळ

तीर्थरूप बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे? आई गेल्यापासून रात्री काढा कोण करून देतं?

इथे मी इंग्रजी शब्दकोशाची प्रुफं तपासते. काल ‘गर्ल’ हा शब्द आला. एका जुन्या उताऱ्यात तो मुलग्यालाही लावलेला होता. मी चूक समजून ती ओळ लाल पेनानं खोडली. आमचे म्हातारे संपादक हसले. म्हणाले, “राहू दे ती. सहाशे वर्षांपूर्वी याचा अर्थ नुसता लेकरू असा होता. मुलगा की मुलगी, ते वेगळं सांगावं लागायचं.”

ओळ परत घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

आत्यानं कळवलंय, परवा डॉक्टरांनी विचारलं, “मुलंबाळं?” तुम्ही म्हणालात, “नाहीत. एक मुलगी आहे.” लहानपणापासून हेच ऐकत आलेय. तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “नाहीत कशी? आहे की एक!”

आता ओरडायला ती नाही, बाबा. तेवढं तुम्हीच म्हणाल का?

गोळ्या चुकवू नका.

तुमचं लेकरू