उद्घाटनाअभावी गैरहजर

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
श्रमसाथी संध्यावर्ग योजना, परळ विभाग, मुंबई.

विषय : फीत कापल्याबद्दल खुलासा, आणि श्री. कुशाबा घाडीगांवकर यांच्या निकालातील ‘गैरहजर’ हा शेरा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपली ‘कारणे दाखवा’ नोटीस, दि. १० जानेवारी २०२५.

महोदय,

उपरोक्त नोटिशीत, संगणक कक्षाच्या दारावरील फीत विनापरवानगी का कापली, अशी विचारणा झाली आहे. फीत मीच कापली. कारणे पुढीलप्रमाणे.

१. लालबाग केंद्रात ‘सॉफ्टवेअर विकसन : परिचय’ हा सहा महिन्यांचा वर्ग जुलैपासून मी घेते. दहा संगणक जूनमध्येच आले. पण उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळेना, आणि ‘फीत कापेपर्यंत कक्ष वापरू नये’ अशी तोंडी सूचना होती. मी चार पत्रे लिहिली, त्यांची पोच मिळाली. वर्ग जिन्याखालच्या खोलीत, फळ्यावर चालला. चौदा विद्यार्थ्यांपैकी तेरा ऑक्टोबरपर्यंत सोडून गेले. त्यांना मी दोष देत नाही. संगणकाला हात न लावता सॉफ्टवेअर किती दिवस शिकणार?

२. राहिले ते कुशाबा. वय एक्कावन्न, गल्लीतल्या डंकावर मसाला कांडून देतात. मोसमात तिथे पिशव्यांची रांग लागते आणि मिरचीमागोमाग हळद कांडली की हळदीला तिखट लागते, मग भांडणे होतात. कोणाची पिशवी कधी लावायची हे सांगणारा प्रोग्राम त्यांना लिहायचा होता. त्यांनी तो वहीत लिहिला. मी संगणक झाले : एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती सांगेल तशा टेबलावरच्या चिठ्ठ्या सरकवायच्या. पहिल्या खेपेस ‘मिरची संपली की हळद’ अशी अट होती, त्यामुळे हळदवालीचा नंबर कधीच येईना, कारण मागून मिरची येतच राहिली. कुशाबांनी ते आठवडाभर मनात घोळवले आणि नवी अट घातली : तीन घाणे झाले की डंक पुसायचा, हळद घ्यायची. महोदय, सॉफ्टवेअर विकसन म्हणतात ते हेच. ते मला म्हणाले, “बाई, मशीनवर चढवल्याबिगर माका कसां कळतलां, मी चुकलंय खंय?”

३. दि. २१ डिसेंबरला प्रात्यक्षिक परीक्षा झाली. म्हणजे परीक्षक आले, दारावरची फीत त्यांनी पाहिली आणि ते बाहेरच खुर्ची टाकून बसले. कुशाबा इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन दोन तास त्यांच्यासमोर उभे होते. वही तपासण्याची मी विनंती केली. “संगणकावर नोंद नाही म्हणजे परीक्षार्थी नाही,” असे सांगून परीक्षकांनी चहा घेतला व ते गेले. हजेरीपत्रकावर कुशाबांची सही आहे, आणि तिच्या शेजारीच परीक्षकांचीही.

४. दि. ७ जानेवारीस मी पाचवे पत्र लिहायला बसले. दोन ओळी लिहिल्या, मग कात्री घेतली. फीत कापून कुशाबांना आत संगणकासमोर बसवले. ते एका बोटाने टाइप करत होते. पहिल्यांदा संगणकाने चूक दाखवली, तर ते घाबरण्याऐवजी खूश झाले : “बघा, सांगतां ता!” एक कंस राहिला होता. तिसऱ्या खेपेस प्रोग्राम चालला आणि हळद बरोबर चौथ्या जागी आली. त्यांनी पडद्यावरचा क्रम वहीतल्या क्रमाशी बोटाने ताडून पाहिला.

५. दि. ९ रोजी निकाल लागला. त्यात त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ आहे.

नियमभंग मी केला आहे. वेतनवाढ रोखावी, बदली करावी, माझी तक्रार नाही. विनंती एवढीच, की त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी. तोवर निदान तो शेरा खोडावा. निकालानंतर ते वर्गाला आलेले नाहीत. परवा मी डंकावर जाऊन भेटले. हातातले काम न थांबवता ते म्हणाले, “नापास करा, चलात. पण मी येऊकच नाय, असां लिवू नका.”

हे वाक्य मी कोणत्या नमुन्यात भरून द्यावे, ते कळवावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
कालिंदी वसंत सबनीस
प्रशिक्षिका, लालबाग केंद्र
दि. १६ जानेवारी २०२५

सोबत :
चार पत्रांच्या पोचपावत्या
हजेरीपत्रकाची प्रत
श्री. घाडीगांवकर यांच्या वहीची छायाप्रत, पाने ४४ (मूळ वही ते देत नाहीत)